सोपाऱ्याचे पाहुणे – लेखांक ६ : जॉर्डानसचा पहिला उन्हाळा

मागच्या लेखांकात आपण बुरुड राजाच्या कोटापाशी थांबलो होतो. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली तिथला स्तूप उकलला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यातच मिळाला. धम्म सांगणारी माणसे या बंदरावर कशी आली, ते त्यात पाहिले. या आठवड्यात दीड हजार वर्षे पुढे यायचे आहे, सन १३२१ मध्ये.

आज तुळिंजहून सोपारा गावात जायचे तर नालासोपारा स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरायचे आणि रिक्षा धरायची. मध्ये पाणी लागत नाही, त्यामुळे हे बंदर होते हे सांगूनही पटत नाही. त्या काळी मात्र ठाण्याहून इकडे येणारा माणूस खाडीने येई. उल्हास नदीचे पाणी वसईपाशी समुद्राला मिळते, तिथून वर सोपाऱ्याची खाडी. आता ती गाळाने भरली आहे. पूर्वेला तुळिंजची टेकडी आणि तिच्यामागे तुंगारेश्वरचा डोंगर तेवढे तेव्हाही होते आणि आजही आहेत. बाकी दिसण्यासारखे सगळे बदलले.

या खाडीने जॉर्डानस नावाचा एक फ्रेंच धर्मप्रसारक आला. मूळचा दक्षिण फ्रान्समधल्या सेव्हराकचा, पंथाने डोमिनिकन. त्याच्याबरोबर भारतात उतरलेले चौघे फ्रान्सिस्कन पंथाचे होते. तोलेंतिनोचा थॉमस वयाने मोठा, आर्मेनिया आणि इराणमध्ये उमेदीची वर्षे घालवलेला. पादुआचा जेम्स आणि सिएनाचा पीटर हे इटालियन. चौथा देमेत्रिउस, तिफ्लिसचा जॉर्जियन. भाषा जाणणारा म्हणून बरोबर घेतलेला. होर्मुझहून निघाले तेव्हा त्यांना केरळात कोल्लमला जायचे होते. वाऱ्याने गलबत ठाण्याला आणले. म्हणजे जिथे पोहोचायची तयारी केली होती ते गाव वेगळे आणि जिथे पाय टेकले ते वेगळे. मिशनऱ्याच्या चरित्रात हा भाग सहसा एका ओळीत उरकतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. नियोजित मुक्कामी निदान कोणाच्या नावाचे पत्र असते; इथे तेही नव्हते.

मग उतरायचे कुठे? पुढे थोड्याच काळात ठाण्यात आलेला ओदोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी सांगतो की ठाण्यात नेस्टोरियन ख्रिश्चनांची १५ घरे होती. हा पूर्वेकडचा जुना ख्रिस्ती पंथ, इराण-इराकातून व्यापाराबरोबर पसरलेला. रोमच्या दृष्टीने ही मंडळी पाखंडी. तरीही पाचही जण त्यांच्याच घरी उतरले. ज्यांचा धर्म आपण चुकीचा मानतो त्यांच्याच पंगतीला बसून जेवायचे, त्यांच्याच पडवीत झोपायचे, अशी ही सुरुवात होती. आजही तुळिंजमध्ये नव्याने येणारा माणूस, मग तो कोकणातला असो, उत्तर प्रदेशातला असो की बंगालचा, आधी गाववाल्याची खोली शोधतो. त्या गाववाल्याशी गावी पटत होते की नव्हते, हा विचार तो नंतर करतो.

भाषेचे काय, तेही पाहू. ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणजे तिला तेव्हा तीसेक वर्षे झालेली. लोक बोलत ती मराठी या पाचांपैकी कोणालाही येत असण्याचा संभव नाही. पण बंदरावर होर्मुझच्या व्यापाऱ्यांमुळे फारसी चाले आणि जॉर्डानसला फारसी चांगली येत होती. तब्रीझ, मराघा या इराणी शहरांत त्याच्या पंथाचे मठ होते. म्हणून भडोचकडे नावाचेच उरलेले ख्रिस्ती आहेत, त्यांना कोणीतरी शिकवायला हवे, असे कळले तेव्हा निवड त्याची झाली. यजमानांपैकी काही माणसे दुभाषी म्हणून सोबत घेऊन तो सोपाऱ्याला आला. इथून उत्तरेला समुद्रमार्गे जायचे होते. वारा आडवा आला. आपल्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारनंतर वारा वायव्येकडून सुटतो; शिडाच्या गलबताने उत्तरेला जायचे म्हणजे थेट त्याच्या तोंडावर जाणे. वसई-अर्नाळ्याच्या कोळ्यांना हे सांगावे लागत नाही. परक्या माणसाला ते अडकून पडल्यावर कळते.

तो इकडे अडकला असताना ठाण्यात जे घडले, ते नीट समजून घ्यायला हवे. ओदोरिकच्या सांगण्याप्रमाणे सुरुवात धर्मावरून झालीच नाही. यजमान नवराबायकोचे भांडण झाले, नवऱ्याने बायकोला मारले. ती काझीकडे दाद मागायला गेली. साक्षीदार कोण, असे विचारल्यावर तिने सांगितले की आमच्या घरी फिरंगी धर्मगुरू उतरले आहेत, त्यांनी पाहिले आहे. अलेक्झांड्रियाचा एक गृहस्थ तिथे हजर होता. ही माणसे शास्त्र जाणणारी आहेत, त्यांना बोलावून वाद घालू, असे त्याने सुचवले. मारहाणीच्या साक्षीसाठी ज्यांचे नाव निघाले त्यांना धर्मचर्चेला उभे केले गेले. चर्चेत पैगंबरांविषयी थेट प्रश्न आला, थॉमसने थेट उत्तर दिले आणि प्रकरण हाताबाहेर गेले. ९ एप्रिल १३२१ रोजी थॉमस, जेम्स आणि देमेत्रिउस मारले गेले, पीटर त्यापाठोपाठ. दिल्लीच्या तख्तावर तेव्हा गियासुद्दीन तुघलक होता. हे कृत्य करणाऱ्या ठाण्याच्या मलिकाला, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्याला, दिल्लीने शासन केले, असेही ओदोरिक लिहितो.

ओदोरिकच्या कथेत आगीतून सहीसलामत बाहेर येण्यासारखे चमत्कार भरपूर आहेत. ते मी बाजूला ठेवतो. नवराबायकोच्या भांडणावर मात्र माझा विश्वास बसतो. हुतात्म्यांची कथा रंगवणाऱ्याला असला घरगुती तपशील रचून काही मिळायचे नव्हते. आणि पहिल्या आठवड्यांत परक्याची अवस्था अशीच असते: ज्या घराने आसरा दिला त्या घराची भांडणेही त्याच्या वाट्याला येतात. त्या गल्लीत कोणाचे कोणाशी वाकडे आहे, काझीपुढे किती बोलावे, कुठे गप्प बसावे, हे शिकायला या चौघांना वेळच मिळाला नाही. थॉमसकडे परदेशाचा अनुभव कमी नव्हता. पण तो ठाण्याचा नव्हता. त्या बाईचे पुढे काय झाले, याबद्दल कोणीच एक शब्द लिहिलेला नाही. मला तिची आठवण या चौघांच्या इतकीच येते. न्याय मागायला गेलेली ती बाई त्या गोष्टीतून सरळ नाहीशी होते.

बातमी कळल्यावर जॉर्डानस परत फिरला. ठाण्यात भेटलेल्या जिनोव्हाच्या एका तरुणाच्या मदतीने त्याने मृतदेह सोपाऱ्याला आणले आणि पुरले. ओदोरिकने पुढे त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन थेट चीनमधल्या झैतून बंदरापर्यंत नेल्या. जॉर्डानस मात्र इथेच राहिला, एकटा. १२ ऑक्टोबर १३२१ रोजी घोघा बंदरातून त्याने इराणमधल्या आपल्या बांधवांना पत्र लिहिले. त्यात कामाचा हिशेब आहे: भडोचला नव्वदेक जणांना बाप्तिस्मा, ठाणे आणि सोपारा यांच्या दरम्यान ३५. शिवाय माणसे पाठवायची तर सोपारा, भडोच आणि कोल्लम ही ठिकाणे योग्य, अशी शिफारस. काही काळाने ठाण्याहून गेलेल्या दुसऱ्या पत्राचा सूर वेगळा आहे. ताप, भूक, तहान, अंगभर दुखणी, चाच्यांच्या हाती सापडणे आणि सगळ्यांत मोठे दुःख म्हणजे सोबतीला आपला कोणी नाही. धर्मप्रसाराच्या इतिहासात बाप्तिस्म्याचे आकडे मोजले जातात. मला हे दुसरे पत्र अधिक मोलाचे वाटते, कारण तक्रार करत करतही तो माणसे पाठवा असेच म्हणतो. मला परत बोलवा असे म्हणत नाही.

या देशाशी त्याचे कसे जुळले, ते त्याच्या ‘मिराबिलिया डिस्क्रिप्टा’ या छोट्या लॅटिन पुस्तकात दिसते. हेन्री यूलने त्याचे इंग्रजी भाषांतर १८६३ साली प्रसिद्ध केले. उकाड्याबद्दल तो लिहितो की परक्याला तो किती असह्य होतो ते सांगता येणार नाही. त्याचे पहिले दिवस एप्रिल-मेचे, हे लक्षात घेतले की त्याचे म्हणणे पटते. या किनाऱ्यावर तेव्हा घामाने कपडा अंगाला चिकटतो आणि डोमिनिकनांचा झगा लोकरीचा असे. मग पाऊस. मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतच तो पडतो, एरवी आकाश स्वच्छ, याचे त्याला नवल वाटते. वर्षभर केव्हाही पाऊस पडणाऱ्या देशातून आलेल्या माणसाने हंगामाचे गणित पकडले आहे, थोडे अलीकडे सरकवून का होईना.

खाण्यापिण्याची पाने सर्वांत जिवंत आहेत. इथे द्राक्षाची वाइन नाही आणि मिस्सेला तर ती लागते. ही त्याच्यासाठी चैनीची नव्हे, उपासनेची अडचण. फणस खोडालाच लागतो आणि एक फणस पाच जणांना पुरेल, असे तो लिहितो. आंबा आहे, नारळ आहे, ताडाला चीर देऊन रस कसा गोळा करतात त्याचे वर्णन आहे. घारीएवढी वटवाघळे आहेत. पारशी आपले मृत पुरत नाहीत आणि जाळतही नाहीत, उघड्यावर ठेवतात, हेही त्याने टिपले. गाईबैलांचा मान, सती, सगळे तो पाहतो. काही गोष्टींनी तो हादरतो, पण माणसांबद्दल लिहिताना हात आखडत नाही: खाण्याच्या बाबतीत काटेकोर, बोलण्यात खरे. इथे जितका काळा तितका देखणा समजतात, हेसुद्धा तो सांगतो. गोऱ्या माणसाला आपण कुरूप ठरतो हे कळले आणि त्याने ते मुकाट्याने नोंदवले, यात मला त्याचा मोठेपणा दिसतो.

वसईच्या पट्ट्यात पुढे पोर्तुगीज आले ते तोफा, किल्ला आणि सत्ता घेऊन. जॉर्डानसपाशी त्यांतले काहीच नव्हते. यजमानांची दया, बंदरावरची फारसी आणि सोबतीला दुभाषी, एवढ्या जोरावर तो टिकला. म्हणून त्याच्या काळचा धर्मप्रसार आणि पोर्तुगीज अमलाखालचा धर्मप्रसार एकाच मापाने मोजू नयेत, असे मला आग्रहाने वाटते. १३२९ मध्ये पोप बाविसाव्या जॉनने त्याला कोल्लमचा बिशप नेमले. वाऱ्याने चुकवलेले ते गाव अशा रीतीने कागदावर तरी त्याच्या नावाला जोडले गेले.

पुढच्या आठवड्यात दिशा उलटी आहे. वसईतच जन्मलेला, भारतीय आईचा आणि पोर्तुगीज बापाचा गोन्सालो गार्सिया पंधराव्या वर्षाच्या आसपास जेझुइटांबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा इतकी आत्मसात केली की १५९३ मध्ये तोयोतोमी हिदेयोशीपुढे गेलेल्या स्पॅनिश वकिलातीचा तो दुभाषी होता. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रूसावर चढवलेल्या २६ जणांत तो एक. गासच्या चर्चला त्याचे नाव आहे, वसईच्या महाविद्यालयालाही. त्याच्या काळी जपानमधल्या मिशनरींमध्ये एक वाद पेटला होता: चटईवर बसावे का, जपान्यांसारखे जेवावे का, त्यांची भाषा शिकण्यात वर्षे घालवावीत का. मिशनचा प्रमुख फ्रान्सिस्को काब्राल या सगळ्याच्या विरोधात होता आणि १५७९ मध्ये तिथे पोहोचलेल्या अलेस्सांद्रो व्हालिन्यानोने त्याचे धोरण उलटवले. वसईचा हा पोरगा त्या वादाच्या मधोमध वाढत होता. जेझुइटांच्या सोबतीत तो काय शिकला, तिथून सुरुवात करू.