बहिणाबाईंनी दिलेला पत्ता

‘तुम्हाला माहीत आहे का, महाराष्ट्रात असं एक गाव आहे…’ एवढं कानावर पडलं की पुढचं सगळं पाठ असतं. ड्रोनमधून दिसणारी हिरवीगार शेतं, देवळाचा कळस, पारावर बसलेले चार म्हातारे, मागे चढत जाणारं संगीत आणि शेवटी ‘आपल्या गावच्या मित्राला पाठवा’. तालुक्या-तालुक्यात समाजमाध्यमांवर अशी पानं चालवणारी पोरं आहेत. कोणी कॉलेजात, कोणी वाळूजच्या कंपनीत पाळीवर, तर कोणी पुण्यात नोकरीला आणि सणासुदीला गावी. पैसे त्यांना मिळत नाहीत, मिळाले तर मोबाइलचा रिचार्ज निघण्याइतके. तरीही ती वेळ घालवतात, कारण आपल्या गावाला कोणी विचारत नाही हे त्यांना सलतं. ही सल खरी आहे आणि तिच्यावर उपाय करायला निघालेल्यांची टिंगल करण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच, की गाव डोळ्यासमोरून सरकवल्याने ते माहीत होतं का? माझं उत्तर नाही असं आहे. गावाला मान मिळतो तो कोणीतरी त्याची नोंद करून ठेवल्यामुळे, आणि हे पटवून द्यायला कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

वेरूळहून कसाबखेड्यामार्गे शिऊरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागतं. जिल्ह्यात पर्यटनाचा विषय निघाला की बोट थेट वेरूळ-अजिंठ्याकडे जातं. दोन्ही लेणी 1983 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि त्यांच्या सावलीत बाकीचा जिल्हा झाकला गेला आहे. बातम्यांत देवगाव रंगारी येतं ते बहुतेक तिथल्या पोलीस ठाण्यामुळे, म्हणजे अपघात किंवा चोरी झाली तर. पण तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई 1628 च्या सुमारास जन्मल्या त्या याच देवगावात. विवाह शिऊरच्या पाठकांकडे झाला आणि 1700 मध्ये देह ठेवला तोही शिऊरला. तिथे त्यांची समाधी आहे. त्यांनी अभंगांतून स्वतःची जीवनकथा सांगितली. मराठी स्त्रीने लिहिलेलं पहिलं आत्मचरित्र म्हणून अभ्यासक तिच्याकडे पाहतात. या कथेच्या आरंभीच त्या आपला पत्ता देतात: घृष्णेश्वराचं वेरूळ, त्याच्या पश्चिमेला देवगाव. आजच्या भाषेत, जवळची मोठी खूण सांगून लोकेशन पाठवलं. जे काम आज गावची पोरं करू पाहतात, ते गावच्या लेकीने साडेतीनशे वर्षांपूर्वी करून ठेवलं आहे.

आणि तरीही ‘बहिणाबाई’ म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी जळगाव येतं. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) थोर कवयित्री, याबद्दल वाद नाही. पण त्यांच्या गावाला ओळख कशी मिळाली, हे पाहण्यासारखं आहे. बहिणाबाई निरक्षर होत्या. शेतात, जात्यावर सुचलेल्या ओव्या हवेत विरून गेल्या असत्या. मुलगा सोपानदेव आणि त्याचे मावसभाऊ पितांबर यांनी त्या कागदावर उतरवल्या, आचार्य अत्र्यांनी त्यांचं मोल ओळखलं, 1952 मध्ये पुस्तक निघालं, ते शाळेच्या पाठ्यपुस्तकांत गेलं आणि पुढे विद्यापीठालाही त्यांचं नाव लागलं. घरातल्या दोघांनी बिनपगारी केलेली ही नोंद होती. संत बहिणाबाईंची गाथाही विसाव्या शतकाच्या आरंभी छापली गेली, 1929 मध्ये जस्टिन अॅबट या अमेरिकी मिशनऱ्याने तिचा इंग्रजी अनुवाद पुण्याहून प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून परदेशातले भक्तिसाहित्याचे अभ्यासक देवगावचं नाव जाणतात. वारकरी परंपरेला इमारत कल्पून पायापासून कळसापर्यंत एकेका संताची जागा सांगणारा अभंग कीर्तनाला बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. तो या बहिणाबाईंच्या नावावर आहे, हे मात्र त्यातल्या कितींना सांगता येईल? अभंग पोचला आणि पत्ता वाटेत गळाला, तो शिक्षणाच्या आणि प्रकाशनाच्या रोजच्या वाटेवर देवगावच्या बाजूने कोणी उभं नव्हतं म्हणून.

आज ती वाट इंटरनेटवरून जाते. मराठी विकिपीडिया 2003 पासून आहे. त्यावर खेड्यांची पानं मोठ्या संख्येने आहेत आणि त्यातली कितीतरी एकाच साच्यातली: अमुक हे तमुक तालुक्यातील एक गाव आहे, मग हवामानाचं ठरावीक वाक्य, आणि त्याखाली ‘लोकजीवन’, ‘प्रेक्षणीय स्थळे’, ‘नागरी सुविधा’ असे मथळे. मथळ्यांखाली काहीच नाही. कोणीतरी घराची चौकट उभी करून गावकऱ्यांची वाट पाहत थांबावं, तशी ही पानं आहेत. रील पंधरा सेकंदांत पाहिलं जातं आणि दोन दिवसांत खाली सरकतं. पुढच्या वर्षी कोणी ते शोधायला गेलं तर सापडत नाही, सापडलंच तर त्यात सनावळी नसते, नावं नसतात. याउलट त्या रिकाम्या मथळ्याखाली आधार देऊन लिहिलेली चार वाक्यं शाळेतला मुलगा, बातमीदार, सहल आखणारा, संशोधक, सगळे वर्षानुवर्षं वापरतात. हल्ली यंत्रांनाही विचारलं जातं, आणि यंत्रं तरी काय, कोणीतरी लिहून ठेवलेलंच सांगतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळं वाचतो कोण? लोकांना बघायचं असतं, आणि गाव पुढे आणायचं तर लोक जिथे आहेत तिथेच जावं लागेल. आक्षेप अर्धा बरोबर आहे. पण कोकणातल्या कातळशिल्पांचं काय झालं ते बघा. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं पदरमोड करून सडे धुंडाळत होते. गुराख्यांना, शेतकऱ्यांना विचारायचं, सापडलेलं चित्र स्वच्छ करायचं, मोजायचं, जागेची नोंद करायची. काशेळीचा प्रचंड हत्ती, उक्षीचा हत्ती, बारसूची चित्रं अशी एकेक जमा होत गेली. 2018 मध्ये जगभरच्या माध्यमांनी ही चित्रं दाखवली, 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बारसूला तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा वाद पेटला तेव्हा या नोंदी थेट सार्वजनिक चर्चेत कामाला आल्या. चित्रफिती तिथेही निघाल्या, भरपूर पाहिल्याही गेल्या. पण दाखवायला मोजलेलं, नकाशावर बसवलेलं काहीतरी आधी हातात होतं.

नोंद असूनही ती कोणी पाहिली नाही तर काय होतं, याचा नमुना कन्नड तालुक्यातच आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यांवरच्या चित्रफितींत ‘रहस्यमय’ आणि ‘अज्ञात’ हे शब्द फार असतात. ही लेणी इसवी सनापूर्वीची, देशातल्या सर्वांत जुन्या बौद्ध लेण्यांपैकी. तिथे मिळालेला यक्षाचा पुतळा आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि त्याच्या हातावर तो घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे: कण्हदास, व्यवसायाने सोनार. लेण्यातल्या दानलेखांत पैठणच्या दात्यांची नावं आहेत. पुरातत्त्व खात्याच्या म. न. देशपांडे यांनी या लेण्यांवर सविस्तर लिहिलं, ते 1959 मध्ये छापूनही आलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव हाती असताना रहस्य कसलं? त्या सोनाराचं नाव घेऊन केलेली एक मिनिटाची चित्रफीत ड्रोनच्या दहा चित्रफितींपेक्षा जास्त लक्षात राहील, असं मला वाटतं. म्हैसमाळला ‘मराठवाड्याचं महाबळेश्वर’ म्हणण्याची सवयही याच जातीची. स्वतःजवळ सांगण्यासारखं काय आहे हे न तपासता मोठ्याचं नाव उसनं आणायचं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. प्रसिद्धीने जागा नासतात. जुलै 2024 मध्ये माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्यापाशी चित्रण करताना दरीत पडून एका तरुणीचा जीव गेला. त्याआधी ही जागा समाजमाध्यमांवरूनच माहीत होत गेली होती. कास पठारावर फुलांच्या हंगामात एवढी गर्दी लोटली की रोजची संख्या तीन हजारांवर रोखून ऑनलाइन नोंदणी सुरू करावी लागली. पण कासचा धडा नीट वाचायला हवा. तिथे आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या शुल्क घेतात, माणसं नेमतात, पार्किंग सांभाळतात. म्हणजे आलेल्या माणसाचं काय करायचं, हे ठरवणारं कोणीतरी गावात आहे. देवगावला उद्या तीन हजार माणसं येण्याचा धोका नाही, हे मान्य. धोका उलट आहे: वेरूळला घृष्णेश्वराचं दर्शन उरकून निघालेली गाडी थांबलीच, तर तिला इथे काय पाहायचं हे सांगणारा माणूस किंवा साधा फलक नसण्याचा. तो नसताना बोलावणं धाडणं म्हणजे पाहुण्याची आणि गावाची, दोघांची फजिती.

तिसरी अडचण कोणी उघड बोलत नाही. गावाचं कौतुक करायला निघालेला माणूस गावातलं अवघड काही दाखवू शकतो का? पाटोद्याच्या भास्करराव पेरे पाटलांची भाषणं राज्यभर ऐकली गेली. कर भरणाऱ्याला मोफत दळण, गरम पाणी अशा योजनांमुळे वाळूजजवळचं ते गाव आदर्श म्हणून नावाजलं. जानेवारी 2021 च्या ग्रामपंचायत निवडणुकीत मात्र त्यांच्या कन्येचा पराभव झाला. कारणं काहीही असोत, बाहेरच्यांनी पाहिलेलं गाव आणि आतल्यांनी अनुभवलेलं गाव एक नसतं, एवढं त्यातून दिसलं. बहिणाबाईंच्या कथेत तर अवघड गोष्टीच जास्त आहेत. कोवळ्या वयात तिशीतल्या बिजवराशी लग्न, मग भाऊबंदकी आणि कर्जाच्या कटकटीत गाव सोडून जाणं, भटकत भटकत रहिमतपूर, कोल्हापूर. तिथे वासराला घेऊन जयरामस्वामींच्या कीर्तनाला जाते म्हणून नवऱ्याची मारहाण. ब्राह्मण घरातल्या बाईने शूद्र म्हणवल्या गेलेल्या तुकोबांना गुरू मानलं म्हणून घरात आणि देहूत उसळलेला राग. ब्राह्मण्य जन्माने येत नाही असा युक्तिवाद करणारी ‘वज्रसूची’ त्यांनी मराठीत आणली. हे सगळं गाळून ‘थोर संत परंपरेचा वारसा लाभलेलं पावन गाव’ एवढंच म्हणायचं, तर मग त्या जागी कुठल्याही गावाचं नाव घातलं तरी चालेल. देवगावचं वेगळेपण त्या कटू भागातच आहे, आणि बाहेरगावचा वाचक, विशेषतः बाई, इथवर येईल तर त्या भागासाठीच.

‘गावाला पाणी हवं, रस्ता हवा, आद्रकाला भाव हवा, इंस्टाग्राम कोणाला हवंय?’ असंही विचारलं जातं. पण ही कामं ज्यांची आहेत त्यांच्याकडूनच ती करून घ्यायची असतात, आणि गाव बोलतं, लिहितं राहिलं तर तशी मागणी करणं थोडं सोपं जातं. स्वयंसेवकांनी ग्रामसेवकाची जागा घ्यावी असं कोणी म्हणत नाही.

पानं चालवणाऱ्या या पोरांच्या स्वतःच्या कामातली कच्ची बाजू वेगळीच आहे, आणि ती अगदी व्यवहारातली आहे. पान एका मुलाच्या फोनवर चालतं. त्याला पुण्यात नोकरी लागली, लग्न झालं, की ते बंद पडतं. निवडणुकीत एखाद्या गटाने ते विकत घेतलं तर त्याहून वाईट. नगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमनताई धामणे यांची ‘आपली आजी’ ही लोकप्रिय वाहिनी 2020 मध्ये कोणीतरी बळकावली होती. ती काही दिवसांनी परत मिळाली, कारण तिचा गाजावाजा झालेला होता. देवगावच्या पानासाठी एवढी धावपळ कोण करणार? म्हणून मूळ चित्रफिती, वृद्धांच्या मुलाखती आणि त्या दिल्याची त्यांची संमती, देवगाव ते शिऊर या वाटेवरच्या जागांची यादी, गाथेच्या छापील आवृत्त्या, हे सगळं गावच्या शाळेत किंवा वाचनालयात एका कपाटात आणि एका हार्ड डिस्कवर असावं. पानाचा पासवर्ड निदान तिघांकडे असावा, आणि त्या तिघांत एक तरी मुलगी असावी.