पिकअपची जन्मपत्रिका

भवानी पेठेतल्या आमच्या भुसाराच्या दुकानामागे एक शेव्हरोलेट पिकअप कित्येक वर्षे विटांवर उभी होती. टायर नाहीत, रंग तीनदा बदललेला आणि बॉनेटखाली मूळच्या पेट्रोल इंजिनाऐवजी पर्किन्सचे डिझेल इंजिन. गेल्या वर्षी जुन्या गाड्यांच्या एका शौकिनाने तिला चांगली किंमत सांगितली. अट एकच : गाडी कोणत्या सालची, ते नक्की कळले पाहिजे.

तुम्ही म्हणाल, कागद पाहा! पण कागद १९६१ च्या पानशेतच्या पुरात शनिवार पेठेतल्या घराबरोबर गेले. उरल्या दोन तोंडी हकिकती. वडील सांगत, गाडी आजोबांनी १९४८ साली, घर एकत्र असताना घेतली. म्हणून ती तिघा भावांची. धाकटे काका म्हणत, १९४९ च्या दिवाळीत वाटण्या झाल्या, त्यानंतर ती मी स्वतःच्या पैशाने घेतली. काकांचे कोणी मानले नाही. पुढे काका गेले, वडीलही गेले. वाद मात्र तसाच राहिला.

मी नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन आलो. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "साहेब, रंगाला आणि इंजिनाला विचारू नका. ती बदलतात. केबिनला विचारा."

समोरची पाच आडव्या पट्ट्यांची जाळी पाहून मी म्हटले, "ही तर अठ्ठेचाळीसचीच!" मिस्त्री हसले. ही ठेवण १९४७ च्या उन्हाळ्यात आली आणि १९५३ पर्यंत टिकली. दोन तुकड्यांची पुढची काचही तशीच. मागचा हौदा तर इथल्याच सुताराने बांधलेला. त्याची साक्ष काय कामाची?

मग त्यांनी दार दाखवले. मोठ्या काचेपुढे वळवून उघडायची एक छोटी त्रिकोणी काच होती. या पिकअपला ती १९५१ पासून आली.

"पण दारं बदलता येतात की!" मी वडिलांची वकिली केली.

तेव्हा त्यांनी सीटची पाठ पुढे ओढली. मागे इंधनाची टाकी उभी! १९४८ च्या गाडीची टाकी केबिनच्या बाहेर असे. ती केबिनमध्ये आली १९४९ च्या मॉडेलपासून. म्हणजे अठ्ठेचाळीसचा दावा तिथेच संपला. आणि दाराची बाहेरची मूठ खाली फिरवायची. १९५२ पासून तिथे दाबायची कळ आली. सगळ्या खुणा जुळून साल उरले एकच : १९५१. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत परदेशातून आलेले भाग जोडून गाड्या तयार करी. काका मुंबईहून गाडी घेऊन आले होते, हे तर सगळ्यांनाच आठवत होते!

खरे सांगतो, त्या क्षणी मनात आले, हे कोणाला सांगितलेच नाही तर? एक तृतीयांश वाटा माझ्या घरी येणार होता. पण मिस्त्री शांतपणे हात पुसत माझ्याकडेच पाहत होते. मला लाज वाटली.

संध्याकाळी मी काकूकडे गेलो. नव्वदी ओलांडलेली काकू वाती वळत बसली होती. मी सारे सांगितले. तिने मान वरही केली नाही.

"एक्कावन्नचीच ती. माझ्या पाटल्या मोडल्या होत्या तिच्यापायी."

"मग काकू, इतकी वर्षं तू बोलली का नाहीस?"

"थोरल्या दिरांपुढे कोण बोलणार? आणि तुम्ही पोरांनी तरी कधी विचारलंत?"

मला उत्तर सुचले नाही. पुढच्या आठवड्यात तिन्ही घरांच्या सह्या झाल्या आणि पैसे काकूच्या खात्यावर जमा झाले. गाडी न्यायला आले, तेव्हा काकू काठी टेकत आली. तिने ती मूठ एकदा फिरवून दार उघडले, पुन्हा लावले आणि "न्या आता" म्हणाली.

दिवाळीच्या साफसफाईत घरातली एखादी जुनी वस्तू मोडीत घालण्याआधी तिला नीट न्याहाळा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याच्याही आधी विचारा.