अमेरिकेतील आयरिश स्थलांतरित आणि आयर्लंडचा स्वातंत्र्यलढा

प्रस्तावना :
१८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकावरील रोगामुळे आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला. सुमारे १० लाख लोक मृत्युमुखी पडले आणि त्याहून अधिक लोकांनी देश सोडला. त्यांपैकी बहुसंख्य अमेरिकेत गेले. या आपत्तीस ब्रिटिश राजवट जबाबदार आहे, ही भावना त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात खोलवर रुजली होती. अमेरिकेत ब्रिटिश कायद्याचा धाक नव्हता. त्यामुळे मायदेशी गुप्तपणे करावे लागणारे राजकीय कार्य तेथे उघडपणे करता आले.

संघटनांचे कार्य :
१८५८ मध्ये जॉन ओ'माहोनी यांनी न्यूयॉर्क येथे 'फेनियन ब्रदरहुड' ही संघटना स्थापन केली. अमेरिकन यादवी युद्धात लढलेले अनेक आयरिश सैनिक तिच्याकडे वळले. परंतु १८६६ मध्ये तिने ब्रिटिश कॅनडावर केलेली चढाई फसली. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या 'क्लॅन ना गेल' या संघटनेने अधिक शिस्तबद्ध मार्ग अनुसरला. तिने निधी उभारून 'कॅटल्पा' हे जहाज पाठविले आणि १८७६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल येथून सहा फेनियन कैद्यांची सुटका घडवून आणली. या संघटनेचे नेते जॉन डेव्हॉय यांनी १९०३ मध्ये 'गेलिक अमेरिकन' हे साप्ताहिक सुरू केले. निधी आणि वृत्तपत्र ही या चळवळीची दोन प्रमुख साधने होती.

नेतृत्वाचा प्रश्न :
जून १९१९ मध्ये एमन डी व्हॅलेरा अमेरिकेत आले. त्यांच्या दौऱ्यात रोख्यांच्या विक्रीतून ५० लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. मात्र अमेरिकेतील चळवळीचे धोरण कोणी ठरवावे, यावरून त्यांचे डेव्हॉय व न्यायाधीश डॅनियल कोहालन यांच्याशी तीव्र मतभेद झाले. डी व्हॅलेरा आयरिश प्रजासत्ताकाच्या वतीने बोलत होते, तर कोहालन यांना अमेरिकन नागरिक म्हणून स्वतःचे निर्णयस्वातंत्र्य हवे होते. अखेर १९२० मध्ये डी व्हॅलेरा यांनी स्वतंत्र संघटना उभारली.

समारोप :
१९२१ च्या करारानंतर खुद्द आयर्लंडमध्येच फूट पडली आणि शिल्लक निधीवर दोन्ही पक्षांनी हक्क सांगितला. १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ती रक्कम रोखेधारकांना परत करण्याचा निर्णय दिला. परदेशस्थ समाज चळवळीला केवळ पैसा पुरवीत नाही, तर त्याबरोबर त्याचे स्वतःचे राजकारणही आकारास येते, हेच या इतिहासातून स्पष्ट होते.