पेशींचा सांगावा

आमच्या ताडकळसकडे निरोपाला ‘सांगावा’ म्हणतात. घरोघरी टेलिफोन नव्हते तेव्हा लग्नाचा, बाळंतपणाचा, मयतीचा सांगावा माणसाकरवी जायचा आणि ऐकणारा हातातले काम टाकून निघायचा. आपल्या शरीरातल्या पेशीही अशाच सांगाव्यावर चालतात. तो बिघडला म्हणजे काय होते, ते आज पाहू.

विळ्याने बोट कापले, की जखमेभोवतीच्या पेशींना ‘वाढा’ असा निरोप मिळतो. हा निरोप म्हणजे एक रसायन. ते पेशीच्या अंगावरच्या ग्राहक प्रथिनाला चिकटते, जशी कुलपात किल्ली. मग ते प्रथिन आतल्या प्रथिनाला जागे करते, ते पुढच्याला, आणि असा हातोहात निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत पोचतो. पेशी विभागते, जखम भरते. भरली की ‘थांबा’ असाही निरोप येतो. शास्त्रज्ञ या साखळीला संदेशमार्ग म्हणतात. कर्करोगात मधलीच एखादी कडी बिघडते. कोणी सांगितलेले नसताना ती ‘वाढा, वाढा’ ओरडत राहते किंवा ‘थांबा’ म्हणणारी कडीच मुकी होते. त्यातून गाठ तयार होते.

महाराष्ट्रात या संशोधनाची पायाभरणी करणाऱ्यांत डॉ. कमल रणदिवे यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. त्यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, म्हणजे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांच्या स्तनकर्करोगाचा अभ्यास करताना संप्रेरके, विषाणू आणि आनुवंशिकता यांचा परस्परसंबंध त्यांनी तपासला. संप्रेरक म्हणजे तरी काय? रक्तातून फिरणारा सांगावाच! स्तनाच्या काही कर्करोगांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक गाठीला वाढायला सांगते, हे पुढे स्पष्ट झाले. त्याच्या ग्राहकावर आधीच जाऊन बसणारे टॅमॉक्सिफेन हे औषध आज कितीतरी बायकांना आधार देते. रणदिवेबाईंना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. एप्रिल २००१ मध्ये त्या गेल्या.

त्याच्या पुढच्याच महिन्यात अमेरिकेत इमॅटिनिब या गोळीला मान्यता मिळाली. तिची कथा ऐकण्यासारखी आहे. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया नावाचा रक्ताचा एक कर्करोग आहे. त्याच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र आखूड दिसते, हे १९६० साली फिलाडेल्फियात लक्षात आले. क्रमांक ९ आणि २२ या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन जुळलेले असतात, हे १९७३ साली जॅनेट राउली यांनी दाखवले. या चुकीच्या जोडणीतून एक विचित्र प्रथिन तयार होते. विजेचे बटण चालू स्थितीतच अडकून बसावे, तसे ते सतत वाढीचा निरोप देत राहते. या प्रथिनाला काम करण्यासाठी जे इंधन लागते, त्याच्या जागेवर इमॅटिनिब जाऊन बसते. निरोप तुटतो. डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी १९९८ साली रुग्णांवर चाचण्या सुरू केल्या आणि जवळजवळ सगळ्यांचे रक्त सुधारू लागले. आज ही गोळी नियमित घेणारे बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षे आपापली कामे करीत जगतात.

पण औषध सापडणे वेगळे आणि ते गरिबाच्या हाती पडणे वेगळे. मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये सांगितला जाई. भारतीय कंपन्यांची तीच गोळी ८ ते १० हजारांत मिळे. कंपनीला भारतात पेटंट हवे होते. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने त्याला विरोध केला. अखेर १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीचे अपील फेटाळले. जुन्या औषधाला थोडे नवे रूप दिले म्हणून पेटंट मिळत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. प्रयोगशाळेतला शोध आणि कोर्टातला निकाल, दोन्ही मिळून माणूस वाचला.

मात्र ही एक गोळी सगळ्या कर्करोगांवर चालत नाही. तोंडाच्या, फुप्फुसाच्या गाठीत एकाच वेळी अनेक कड्या बिघडलेल्या असतात. एक रस्ता अडवला तर पेशी आडवाटेने जाते. म्हणून प्रत्येक गाठीचे मार्ग वेगळे तपासावे लागतात आणि हे काम जगभर, आपल्याकडे नवी मुंबईत खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेतही, चालू आहे.

आपल्या हाती काय आहे? तंबाखूतली रसायने पेशींची मूळ लिपीच खराब करतात. ती सोडणे आपल्या हाती आहे. तोंडातला फोड किंवा पांढरा चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर डॉक्टरला दाखवणे आपल्या हाती आहे. आणि बरे वाटू लागले म्हणून गोळी मध्येच सोडू नये, कारण गप्प केलेली कडी पुन्हा बोलू लागते. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी आधी करावी, मग शेत विकायचा विचार करावा. गंडा बांधा, दर्ग्यावर चादर चढवा, नवस बोला. मी कोणाची श्रद्धा मोडणार नाही. दुआ जरूर मागावी; पण दवेची वेळ चुकवू नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)