विकास आराखड्यावर हरकत : मुदतीत द्या, मुद्द्यावर द्या



उसाच्या नोंदीत गट नंबर चुकला तर तोडीच्या वेळी कसा वांधा होतो, हे आपणांस सांगायला नको. नगरपालिका आणि नगरपंचायतीही असाच एक महत्त्वाचा कागद काढतात, तो म्हणजे विकास आराखडा. पुढे रस्ता कुठून जाणार, वस्ती कुठे वाढणार, शाळा, बाजार, मैदान कुणाच्या जमिनीवर येणार, हे त्यात ठरतं. हद्दीत शेतजमीन असली तर तीही त्यात येते. म्हणून हा विषय आपलाही आहे.

हे काम महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे चालतं. आधी इरादा जाहीर होतो, मग सध्याच्या जमीनवापराचा नकाशा होतो, त्यानंतर प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. हरकती-सूचनांना साधारण ३० दिवस मिळतात. नोटिशीतली शेवटची तारीख हीच खरी धरावी. हरकतदाराला नियोजन समितीपुढे बाजू मांडता येते. पुढे आराखडा मंजुरीसाठी शासनाकडे जातो.

एकदा मंजुरी मिळाली की आरक्षण सहज हलत नाही. १० वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालकाने नोटीस द्यायची, आणखी २४ महिने थांबायचं, आणि तरीही संपादनाची पावलं पडली नाहीत तरच आरक्षण संपतं. वेळेवर एक अर्ज केला नाही म्हणून बारा वर्षं अडकून पडायचं !

हरकत फक्त आपलं रान वाचवायलाच असते असं नाही. महाबळेश्वरच्या डोंगरातून कृष्णा आपल्याकडे येते, सावित्री पलीकडे कोकणात उतरते. आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर, पुढे महाड. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड शहर पुरात बुडालं. महाड तालुक्यात तळिये येथे दरड कोसळून ऐंशीच्या वर माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. अशा मुलखात नकाशावर मोकळी दिसणारी जागा पाण्याची वाट असू शकते. पूर कुठवर चढला, डोंगराला भेग कुठे पडली, हे तिथल्या जुन्या माणसाला ठाऊक असतं. ते त्याने लेखी दिलं, तरच कार्यालयात त्याची नोंद होते.

“आमचं कोण ऐकतो ?” असं म्हणू नये. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. त्यावर हजारो हरकती गेल्या. एप्रिलमध्ये शासनाने तो नव्याने करायला लावला.

हरकत लिहिताना एवढं पाळावं :

१) नाव, पत्ता, गट किंवा सर्व्हे नंबर आणि आरक्षणाचा क्रमांक नीट लिहावा. सातबारा जोडावा.

२) नुसतं “अन्याय झाला” असं लिहू नये. विहीर, पाइपलाइन, ओढा, पुराची रेघ, जे असेल ते दाखवावं. फोटो जोडावा.

३) शक्य तर दुसरी योग्य जागा सुचवावी.

४) शिक्का मारलेली पोच घ्यावी. सुनावणीला स्वतः जावं.

आपल्या भागात अशी नोटीस लागली, तर ती शेजाऱ्यालाही दाखवा. नकाशात आपला गट सापडत नसेल, तर सातबारा घेऊन शेतकी गट कार्यालयात या. गट शोधून देण्यास आमचा कर्मचारी मदत करील.

– ऊस विकास अधिकारी