मिटलेले प्रवाळ आजारी असतेच असे नाही

प्रवाळ दगडासारखे निश्चल दिसत असल्यामुळे त्यालाही वागणूक असते हे सहसा लक्षात येत नाही. घरातील खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्यांना मात्र ती लवकरच जाणवते आणि बहुधा घाबरवते. काल उमललेली वसाहत आज मिटलेली दिसली की पाण्यात औषध घालणे, दिव्यांची प्रखरता बदलणे, वसाहत दुसरीकडे हलवणे असे उपाय सुरू होतात आणि पुष्कळदा मिटण्यापेक्षा या उपायांनीच प्राण्याला अधिक इजा होते.

वस्तुतः वसाहतीतील प्रत्येक पॉलिप, म्हणजे तोंडाभोवती स्पर्शकांचे कडे असलेला पिशवीसारखा जीव, शरीरात पाणी घेऊन फुगतो व ते सोडून आकसतो, आणि अनेक कठीण प्रवाळे स्पर्शक पसरतात तीच मुळी रात्री, प्लवक पकडण्यासाठी. सार्कोफायटन हे मऊ प्रवाळ तर अधूनमधून कित्येक दिवस मिटून राहते. त्या काळात त्याच्यावर मेणचट पापुद्रा धरतो आणि गळताना तो साचलेला गाळ व शैवाल घेऊन जातो. तोंडावाटे तपकिरी चिकट गोळ्या पडणे हेही बहुधा निर्धोक असते, कारण ऊतीत राहून प्रकाशसंश्लेषणाने अन्न पुरवणाऱ्या एकपेशीय शैवालांपैकी जादा झालेली प्रवाळ अशीच बाहेर टाकते.

याहून विलक्षण आहे ते प्रवाळांचे भांडण. स्कोलिमिया या कॅरिबियन प्रजातीतील दोन प्रकार एकाच जातीची रूपे मानले जात असताना, जमैकात प्रवाळांवर काम करणाऱ्या ज्युडिथ लँग यांना असे दिसले की हे दोन प्रकार शेजारीशेजारी ठेवले असता एक प्रवाळ पोटातील पचनाचे तंतू शरीराबाहेर काढून दुसऱ्याची ऊती काही तासांत जागेवरच पचवते, तर एकाच प्रकारची दोन प्रवाळे एकमेकांना लागून निवांत राहतात. 1971 मध्ये त्यांनी यावरून या दोन वेगळ्या जाती असल्याचे मांडले. वर्गीकरणतज्ज्ञांना सांगाडे तपासूनही न सुटलेला प्रश्न प्रवाळांनी स्वतःच सोडवला, असे म्हणायला हरकत नाही. दोन प्रवाळांत अंतर राखा हा नियम टाकी पाळणारा प्रत्येक जण ऐकतो, लँग यांचे नाव मात्र क्वचितच. या अंतराला आणखी एक कारण आहे: गॅलेक्सियासारखी प्रवाळे शेजाऱ्याची चाहूल लागल्यावर नेहमीच्या स्पर्शकांहून कितीतरी लांब, दंशपेशींनी भरलेले स्पर्शक वाढवतात आणि अंधारात प्रवाहासोबत फिरवतात, त्यामुळे दिवसा शांत दिसणाऱ्या टाकीत सकाळी एखाद्या वसाहतीची कड भाजल्यासारखी आढळते.

विक्रेत्यांच्या छायाचित्रांतील झगमगाटावरून आरोग्य जोखण्याची पद्धत तर अधिकच फसवी आहे. निळ्या दिव्याखाली प्रतिदीप्त होणारी रंगद्रव्ये चमकतात, आणि फिकट, मोहक रंगछटा कित्येकदा सहजीवी शैवाल कमी झाल्याचे लक्षण असते, उलट अनाकर्षक तपकिरी वसाहत उत्तम पोसलेली असू शकते. मोहक दिसले म्हणून प्रवाळ मिळवण्याआधी कायदाही पाहावा: भारतात कठीण प्रवाळे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे मालवणच्या खडकांवरून काढलेला तुकडा टाकीत ठेवणे हा छंद नसून गुन्हा ठरतो.

खरी धोक्याची खूण मिटण्यात नसून ऊती मागे सरकण्यात असते. बुंध्यापासून पांढरा सांगाडा उघडा पडू लागला, तर प्रथम पाण्याची क्षारता, तापमान व विद्राव्य कॅल्शियम मोजावे आणि फरक आढळल्यास तो एकदम न बदलता काही दिवसांत हळूहळू दुरुस्त करावा.