वर्णपटातल्या परक्या रेषा

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं, की दोन दीर्घिका आपल्या नजरेच्या एकाच रेषेत आल्या, तर जवळच्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानं मागच्या दीर्घिकेचा प्रकाश वाकतो आणि तिच्या कमानी किंवा अख्खं वलय दिसतं. कागदावर हे सोपं आहे. आकाशात अशी वलयं हुडकणं मात्र फार जिकिरीचं. त्यांची त्रिज्या बहुधा एक-दीड विकला असते आणि एका अंशात ३,६०० विकला असतात. वातावरणाच्या थरथरीमुळे जमिनीवरच्या दुर्बिणीतून साधा तारासुद्धा साधारण तेवढाच पसरट दिसतो. त्यात मधली दीर्घिका इतकी तेजस्वी, की मागचं फिकट वलय तिच्या उजेडात पार बुडून जातं.

वर्णपटात मात्र ते लपत नाही. १९८५ साली अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जॉन हुक्रा दीर्घिकांची अंतरं मोजण्यासाठी एकेकीचा वर्णपट घेत होते. पेगासस तारकासमूहातल्या एका सर्पिल दीर्घिकेच्या गाभ्यातून त्यांना चक्क क्वासारच्या रेषा मिळाल्या. दीर्घिकेची ताम्रसृती, म्हणजे रेषा तांबड्या बाजूला किती सरकल्या त्याचं माप, ०.०३९, क्वासारची १.६९५. ती जितकी जास्त, तितकी वस्तू दूर. म्हणजे क्वासार तिच्या कितीतरी मागे होता. तोच पुढे ‘आइन्स्टाइनचा क्रूस’ म्हणून प्रसिद्ध झाला.

तो योगायोग होता. त्याची पद्धत झाली ती ‘स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे’मुळे. न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंट वेधशाळेत २.५ मीटरची दुर्बीण आहे. आकाशाच्या ठरलेल्या तुकड्यातल्या दीर्घिकांच्या जागी बरोबर भोकं पाडलेली अ‍ॅल्युमिनियमची तबकडी तिच्या नाभीवर बसवायची आणि प्रत्येक भोकात एक ऑप्टिकल फायबर. असे ६४० फायबर माणसं हातानं खोवत. प्रत्येक फायबर आकाशातलं ३ विकला व्यासाचं वर्तुळ टिपायचा, आणि त्या वर्तुळात जे काही असेल त्या सगळ्याचा प्रकाश एकत्रच आत घ्यायचा. मधल्या दीर्घिकेचाही आणि तिच्याभोवतीच्या वलयाचाही. दोन वस्तू वेगळ्या दिसण्याची गरजच उरली नाही.

मागचा प्रकाश असा वाकवणाऱ्या दीर्घिकेला गुरुत्वीय भिंग म्हणतात. सिंह राशीतलं एक भिंग घेऊ. त्याचं नाव एसडीएसएस जे०९४६+१००६. मधली दीर्घिका लंबवर्तुळाकार, ताम्रसृती ०.२२२. अशा दीर्घिकांमध्ये नवे तारे जवळपास जन्मतच नाहीत, त्यामुळे वर्णपटात ठळक दिसतात त्या शोषणरेषा. कॅल्शियमची ३,९३४ अँगस्ट्रॉमची रेषा सरकून सुमारे ४,८०७ वर येते. आता मागे ०.६०९ ताम्रसृतीवर ताऱ्यांना जन्म देणारी दीर्घिका आहे. तिच्या ऑक्सिजनची ३,७२७ ची उत्सर्जनरेषा येते ५,९९७ च्या आसपास, हायड्रोजनची ४,८६१ ची ७,८२१ पाशी, ऑक्सिजनचीच ५,००७ ची ८,०५६ पाशी. पुढच्या दीर्घिकेच्या हिशेबात यातली एकही बसत नाही. म्हणून संगणक आधी पुढच्या दीर्घिकेचा नमुना वर्णपट वजा करतो आणि उरलेल्या चढउतारांत परक्या रेषा शोधतो. एकच रेषा सापडली तर भरवसा नाही. आपल्याच वातावरणातल्या हायड्रॉक्सिल रेणूंच्या रात्रदीप्तीच्या रेषा नीट वजा झाल्या नाहीत, तरी असाच खोटा उंचवटा उरतो. दोन-तीन रेषांनी एकाच ताम्रसृतीची साक्ष दिली, तर मात्र प्रकरण गंभीर. २००४ साली अ‍ॅडम बोल्टन आणि सहकाऱ्यांनी ५०,९९६ तांबड्या दीर्घिका अशा चाळल्या. हाती लागले ४९ उमेदवार.

उमेदवारच, कारण मागची दीर्घिका जरा बाजूला असेल, तर तिचा प्रकाश फायबरमध्ये येईल, पण तिच्या एकाहून अधिक प्रतिमा होणार नाहीत. तो निवाडा हबल दुर्बिणीनं केला. ‘स्लॅक्स’ या मोहिमेत तिनं १३१ उमेदवार पाहिले. त्यातली ७० नि:संशय भिंगं ठरली, आणखी १९ बहुधा.

मला या पद्धतीत सगळ्यात मोलाची वाटते ती तिची जोडकमाई. चित्रातून भिंग सापडलं, तर दोन्ही दीर्घिकांची अंतरं काढायला पुन्हा मोठ्या दुर्बिणीचा वेळ मागावा लागतो. इथे दोन्ही ताम्रसृती शोधाबरोबरच हाती येतात. त्यांच्या जोडीला वलयाची त्रिज्या मिळाली, की वलयाच्या आतलं एकूण वस्तुमान कळतं, दृश्य आणि कृष्ण दोन्ही मिळून. शिवाय त्याच वर्णपटातल्या रेषांच्या रुंदीवरून आतले तारे किती वेगानं फिरतात हेही समजतं. दोन्ही मोजमापं जुळवल्यावर दिसलं, की या दीर्घिकांची एकूण घनता केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या जवळपास व्यस्त प्रमाणात उतरते. एकट्या ताऱ्यांची घनता अशी उतरत नाही, एकट्या कृष्णद्रव्याचीही उतरावी अशी अपेक्षा नाही. दोघांची बेरीज मात्र उतरते. असं का, हा प्रश्न अजून रंगतो आहे.

सिंह राशीतल्या त्या भिंगाभोवती हबलला दोन वलयं दिसली. परक्या रेषा आतल्या वलयाच्या होत्या, बाहेरचं त्याहूनही दूरच्या दीर्घिकेचं. २००८ साली ते जाहीर झालं. मग २०२० मध्ये चिलीतल्या ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’च्या म्यूझ या उपकरणानं त्या जागेच्या ठिपक्याठिपक्याचा वर्णपट घेतला, तेव्हा त्याच भिंगामागे तिसरी दीर्घिका सापडली. तिची ताम्रसृती सुमारे ६.